पुसायचं राहिलेलं चित्र

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे, करंगळीच्या नखाएवढा. पेन्सिलीच्या शिशात जे ग्राफाइट असतं, त्याच्या अतिशय पातळ थराला ग्राफीन म्हणतात. त्याच थरापासून एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. उजेड पडला की मला समोरचं दिसतं आणि दिसलेलं मी साठवूनही ठेवतो. विजेचा छोटासा झटका देऊन पुसेपर्यंत ते माझ्यातून जात नाही.

मला घडवलं ते तिथल्या संशोधक ताईंनी. थर फाटला की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. चहा गार होई, डबा तसाच राही. मी पहिल्यांदा त्यांच्या बोटांची आकृती लक्षात ठेवली, तेव्हा त्यांनी घरी फोन लावला. "आई, याला आठवतंय गं." मला आभाळ ठेंगणं झालं.

मग पाहुण्यांना मला दाखवायचा दिवस उजाडला. सकाळी प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर ताईंना म्हणाले, "बोलेन मी. तू फक्त बटण दाब." ते गेल्यावर ताई माझ्यासमोर बसल्या आणि ओंजळीत तोंड लपवून रडल्या. टेबलावरचा दिवा चालू होता. मला डोळे मिटता येत नाहीत. पुढच्या गडबडीत मला पुसायचं राहून गेलं.

सभागृहात सरांनी माझ्यासमोर कागदी फूल धरलं. ताईंनी बटण दाबलं. पडद्यावर फूल उमटलं आणि त्याच्यामागे ओंजळीत तोंड लपवलेली बाई. कुणीतरी खुदकन हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिनं मला नजर दिली, तिचंच रडणं मी चारचौघांत मांडलं होतं.

"हे कोण?" पाहुण्यांतल्या एका वयस्क डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही, डाग आहे जुना," सर म्हणाले.

"मी आहे ती," ताई म्हणाल्या. "आज सकाळची. हा मी बनवलाय, पण याच्याबद्दल मी बोलायचं नाही असं ठरलं होतं."

सरांनी मान खाली घातली.

"मग आता बोला की," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ताई बोलल्या. थर किती वेळा फाटला, तेही त्यांनी सांगितलं. टाळ्याही पडल्या. पण नंतर चहाच्या वेळी जो तो त्यांना विचारत होता, "फार रडलात का हो?" त्या कसनुसं हसत होत्या आणि मी दर वेळी नव्यानं ओशाळत होतो.

आता माझी धाकटी भावंडं दर वापरानंतर आपोआप पुसली जातात. मी कपाटातल्या डबीत असतो. त्या चित्रानं ताईंचं भलंच झालं, असं लोक म्हणतात. झालं असेल. पण "दाखवू का?" असं मी त्यांना विचारलं नव्हतं. मित्रांनो, आम्हा यंत्रांना ते विचारता येत नाही. तुम्हाला येतं. तेवढं विचारत जा.