शाळेचं पाणी

मावशीची आणि शिपायाची जुंपली ती पाइपावरून. कांद्याच्या वावरातला काळा पाइप ओढत आणून तिनं शाळेच्या कुंपणाखालून आत सरकवला होता, आणि शिपाई त्यावर बूट रोवून उभा होता.

"पाय काढ," मावशी म्हणाली.

"आत काही न्यायचं नाही, असा वरून हुकूम आहे."

"माणसं कोंडायचा हुकूम आला. त्यांना पाणी पाजायचा नाही आला?"

शहरात साथ पसरली, कामं बंद पडली, तशी आमच्याकडची माणसं पायी परत आली. त्यात मावशीचा धाकटा दीर होता, गवंडीकाम करणारा. सरकारनं सगळ्यांना वेशीवरच अडवून शाळेत घातलं. दाराला कुलूप, फाटकावर शिपाई आणि भिंतीवर लांबरुंद फलक, वारंवार साबणानं हात धुवा म्हणून. शाळेचा बोअर कधीचा बंद. टँकर येतोय, येतोय असं ओरडत भोंग्याची गाडी तेवढी येऊन जायची. पत्रे असे तापायचे की आतली माणसं अंगणात भिंतीच्या सावलीमागं सरकत बसायची. गावानंही तोंड फिरवलं होतं. विहिरीवरून घागरभर पाणी न्यायला कुणी धजेना. आतल्या एका बाईचं तान्हं पोर रडून रडून गप्प झालं, तेव्हा मावशीनं पाइप खांद्यावर घेतला.

शिपायानं रस्त्याकडं पाहिलं. "मी काही बघितलं नाही," असं पुटपुटत त्यानं बूट उचलला.

मावशीचं वावर आणि आमचं वावर बांधाला बांध. तिनं मला हाक मारली, "मोटार चालू कर गं." मी बटण दाबलं. पाइप फुरफुरला, फुगला, आणि कुंपणापलीकडं बादल्यांचा खणखणाट उठला.

त्या दिवसापासून विहिरीचं निम्मं पाणी शाळेत जायला लागलं. कांद्याची पात पिवळी पडली. मी म्हटलं, "मावशी, पीक हातचं जाईल." ती खुरपं न थांबवता म्हणाली, "कांदा पुढच्या साली परत लावीन. दीर कुठून आणून लावू?"

मग एक दिवस मोठे साहेब आले. सोबत फोटोवाला. शाळेच्या अंगणात पाइपाला कुणीतरी नळाची तोटी बसवली होती, तिला झेंडूच्या फुलांची माळ घातली. सरकारनं केलेली हात धुण्याची सोय साहेब स्वतः हात धुऊन दाखवणार होते. त्यांनी बाह्या वर केल्या, हातावर साबण चोळला, तोटी फिरवली. कोरडी ठण्ण.

आतली पिंपं मावशीनं सकाळीच काठोकाठ भरून घेतली होती. आता ती बांधावर मोटारीच्या खोक्याला टेकून उभी होती.

गावचे पुढारी धावत आले. "मावशी, मोटार लाव. साहेबांच्या हाताला फेस आहे."

"टँकर आला का?"

"आता तो विषय आहे का?"

"माझा तोच विषय आहे. हे माझ्या विहिरीचं पाणी आहे. सरकारचं म्हणून फोटो काढायचा असेल, तर सरकारनं आपलं काढावं."

साहेब स्वतः बांधापर्यंत आले, हात पुढं धरून, जणू लुगडं वाळत घालतायत. "बाई, सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही."

"काम दाखवा साहेब, मी बाजूला होते."

कुंपणाच्या आत दीर हसला. त्याच्यामागून बाकीचे हसले. शिपायानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. फोटोवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं फेसाळलेल्या हातांचा फोटो काढला. तो छापून आला तर काय, हे साहेबांच्या मात्र ध्यानात आलं.

दुसऱ्याच दिवशी सरकारी गाडी आली. तिच्यातल्या माणसांनी बोअरमधला जळका पंप उपसला आणि नवा सोडला. दुपारी शाळेच्या नळाला धो धो पाणी. सगळं आटोपल्यावर साहेबांनी मावशीला निरोप धाडला, की कोंडलेल्या माणसांशी तुमचा संपर्क आलाय, तेव्हा तुम्हालाही शाळेतच राहावं लागेल. सूड होता तो, न कळायला आम्ही काही दूधखुळे नव्हतो. मी रडायला लागले. मावशीनं म्हशीचं दावं माझ्या हातात दिलं, वळकटी काखेला मारली आणि पाठवणीला निघाल्यासारखी ताठ चालत गेली. शिपायानं खाली मान घालून कुलूप काढलं.

आत जाऊन तिनं आधी सरकारी नळाला ओंजळ लावली. घोट घेतला, गुळणी करून थुंकली.

"मचूळ आहे," ती दिराला म्हणाली. "कपडे धुवायला ठीक."

मग कुंपणाशी येऊन तिनं मला खणखणीत हाक घातली, "मोटार चालू कर गं. प्यायला आपलंच पाणी पाहिजे."