आपलं माणूस असलेलं शहर

परकं शहर कसं पारखायचं, याची आमच्या घराण्यात एकच रीत होती. स्टेशनवर उतरायचं, सराफ बाजार कुठं आहे ते विचारायचं आणि तिथं आपल्या भागातला गलाईवाला शोधायचा. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं काम. विटा, आटपाडी, पलूस या पट्ट्यातली कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पांगलेली. बाजारातल्या एखाद्या बोळात तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास आला की समजावं, इथं आपलं माणूस आहे. मग राहायची, जेवायची, दवाखान्याची, सगळी काळजी मिटली. रीत चांगली आहे. तिनं माझं वाटोळं केलं, तरी मी तिला वाईट म्हणत नाही. निदान आप्पांसमोर तरी नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. मिसरूड फुटायच्या आधी त्यांना एका लांबच्या शहरात कामाला पाठवलं होतं आणि न्यायला येणारा माणूस आलाच नाही. दोन दिवस फलाटावर उपाशी काढल्यावर कुणीतरी सराफ बाजाराचा रस्ता दाखवला. तिथं म्हसवडकडच्या एका गलाईवाल्यानं त्यांना बसवून घेतलं आणि पोटभर जेवू घातलं. पुढं तेजाबाच्या वाफेनं छाती धरली म्हणून आप्पा परत आले आणि पलूसला त्यांनी भांड्यांचं दुकान टाकलं. पण त्या दोन दिवसांची भूक त्यांच्या मनातून कधी गेली नाही. घरात कुणी ताटात घासभर टाकलं, की आम्हाला ती सगळी कथा पुन्हा ऐकावी लागे.

मी सांगलीला बी.एस्सी. झाले ते १९९३ साल. खासगी विमान कंपन्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि त्यांना वैमानिक मिळत नाहीत, असं पेपरात रोज येत होतं. मी घरी सांगितलं, मला पायलट व्हायचंय. कुणी आकाशपाताळ एक केलं नाही. उलट तामिळनाडूत गलाईचं मोठं दुकान असलेल्या नानासो काकांनी खर्चाचा शब्द देऊन टाकला. म्हणजे प्रश्न उरला एकच, शिकायचं कुठं. चौकशी करकरून मी दोन संस्था काढल्या. एक काकांच्याच शहरातली, दुसरी नर्मदेपलीकडच्या एका शहरातली. त्यांची नावं घेत नाही. आता घेऊन तरी काय करायचं?

आमच्या फिजिक्सच्या सरांनी मला बजावून सांगितलं होतं, की इमारत बघू नकोस, विमानं बघ. आणि विमानं किती आहेत ते विचारू नकोस, आज किती उडाली ते विचार.

दिवाळीच्या सुट्टीत आप्पा आणि मी काकांच्या शहरातला फ्लाइंग क्लब बघून आलो. शेडमध्ये तीन विमानं होती. एकाचं इंजिन काढून टेबलावर ठेवलेलं, दुसऱ्याच्या पंखांवर कबुतरांनी घाण केलेली आणि तिसरं पेट्रोल आलं नाही म्हणून उभं. शिकवणारे एकटेच, निवृत्तीला आलेले. माणूस भला होता. त्यांनी कॉफी पाजली आणि सुटे भाग लवकरच येतील असं सांगितलं. तिथून काकांचं घर हाकेच्या अंतरावर. हरणाबाई काकींनी बाजरीची भाकरी आणि खर्डा केला होता. जेवण झाल्यावर त्यांनी माडीवरची खोली उघडून दाखवली. माझ्यासाठी म्हणून तिला नवा रंगसुद्धा दिला होता. आप्पा त्या खोलीत बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या संस्थेनं मुलाखतीला बोलावलं ते नेमकं म्हसवडच्या रथाच्या दिवशी. म्हसवडचा सिद्धनाथ आमचं कुलदैवत, त्याच्या रथाची वर्षातून एकदा यात्रा भरते. काका-काकी रथासाठी आमच्याकडे येऊन थांबले होते, घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आप्पा माझ्याबरोबर मिरजेहून उत्तरेच्या गाडीत बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी रथ चुकवला, तो माझ्यासाठी. हे मी विसरत नाही.

त्या मैदानावर विमानं एकामागून एक चढत होती, उतरत होती. मुलाखतीच्या रांगेत माझ्यापुढं वाईचा शौनक नावाचा मुलगा होता. दोघंही गावाकडचेच, लगेच गप्पा जमल्या. मुलाखत झाली की शिक्षक एकेकाला वर एक फेरी मारून आणत. मला वर नेल्यावर त्यांनी थोडा वेळ विमान माझ्या हातात दिलं. मी फक्त ते सरळ धरून ठेवलं. खाली शेतं होती, एक बारीक नदी होती आणि मला हसू आवरत नव्हतं. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

उतरल्यावर निवड झाल्याचं सांगितलं, तशी धावत आले तर आप्पा लिंबाखाली बसलेले. मी वर असताना ते रिक्षा करून सराफ बाजारात जाऊन आले होते. चेहरा पार उतरला होता.

"हितं आपलं कोण न्हाई, मयूरे," ते म्हणाले. "समदा बाजार पालथा घातला. एक बी दुकान न्हाई."

मी म्हटलं, पण इथं विमानं आहेत, आप्पा.

"हायेत की. पर तुला ताप आला तर उशाला विमान बसणार हाय का?"

घरी परतलो तेव्हा रथाला आलेली मंडळी अजून होतीच. एका बैठकीत निकाल लागला. काकींना वाईट वाटेल, पोरीची जात, परका मुलूख, असं सगळं बोलून झालं. मी भांडले. शेवटी जेवण सोडलं, कारण आप्पांवर चालणारं तेवढंच हत्यार होतं. त्यांनी रागावून बघितलंसुद्धा नाही, नुसतं स्वतःचं ताटही वाढू दिलं नाही. त्यांच्या छातीच्या दुखण्याला उपास सोसत नव्हता. मला जेवावंच लागलं, आणि मी काकांच्या शहरात गेले.

तिथं मला कुणी एक दिवस उपाशी ठेवलं नाही. काकींनी लेकीसारखं केलं, आणि म्हणूनच कुणावर चिडायची सोय नव्हती. विमान महिन्यातून चार दिवस उडे, मग बंद पडे, मग भागांची वाट. ते भले गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कितीतरी दिवस कुणी आलंच नाही. लेखी पेपर मी पहिल्या फटक्यात काढले होते. पण परवान्याला उड्डाणाचे ठरावीक तास लागतात, आणि ते तास काही केल्या भरेनात. माझे तास वाढले नाहीत, वजन वाढलं. तिकडं कंपन्यांनी पोरं भराभर घेतली, नंतर त्यातल्या काही बंदही पडल्या. मी रोज सकाळी शेडपाशी जाऊन उभी राहत होते. शेवटी पास झालेल्या लेखी पेपरांची मुदतच संपली. सगळं पहिल्यापासून करायची ताकद माझ्यात राहिली नव्हती. मी काकींच्या गळ्यात पडून रडले आणि गावी निघून आले.

आता मी साताऱ्यात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. गेल्या महिन्यात, म्हणजे ९८च्या मेमध्ये, सातारा स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत होते, तर कुणीतरी नावानं हाक मारली. शौनक. चालू असलेल्या एका कंपनीत तो आता सहवैमानिक आहे, सुट्टीला वाईला आला होता. तू का आली नाहीस तिकडं, तुझी तर निवड झाली होती, असं त्यानं विचारलं. मी हसत हसत सांगितलं, की आमच्या आप्पांना त्या शहरात आपलं माणूस सापडलं नाही.

त्यानं मला मध्येच थांबवलं.

"असं कोण म्हणालं? ज्योतिबाशेठ होते की. आटपाडीचे. सराफ बाजारात अगदी शेवटच्या बोळात त्यांचं गलाईचं दुकान. मराठी मुलगा आलाय कळल्यावर स्वतः शोधत आले होस्टेलवर. मी दर रविवारी त्यांच्याकडेच जेवायला असायचो. वर्षातून एकदाच दुकान बंद ठेवायचे, गावाकडं त्यांच्या देवाचा रथ असतो तेव्हा."

माझी गाडी लागली होती. त्याला नीट निरोपही देता आला नाही.

पलूस येईपर्यंत मी नुसती धुमसत होते. पाच वर्षं आतल्या आत गिळलेलं सगळं त्या दिवशी बोलून टाकायचं ठरवलं होतं. घरात शिरले तेव्हा आप्पा जेवायला बसले होते. पिशवीही खाली न ठेवता मी ज्योतिबाशेठचं सगळं सांगितलं. दुकान, बोळ, रविवारची जेवणं. रथाचं मात्र सांगायचं राहिलं होतं.

आप्पांचा हात ताटातच थांबला.

"त्यो बोळ बघितला व्हता मी," ते म्हणाले. "शटर खाली व्हतं. पाटी बी न्हवती. म्हटलं, असंल कुणाचं तरी." मग म्हणाले, "रथ व्हता न्हवं त्या दिशी. रथाला समदीच गावाकडं असत्यात. मी बी दर साली हितंच असायचो. रथाच्या दिशी परक्या शहरात कवा व्हतो, मला सुचायला?"

मी भांडायला आले होते, पण समोर भांडण्यासारखं कुणी राहिलंच नव्हतं. एक म्हातारा माणूस होता, आणि त्यानं माझ्यासाठी रथ चुकवला होता.

अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवून आप्पा उठले आणि हात धुवायला मोरीकडे गेले. आई तिथंच उभी होती. ती माझ्याकडे बघायला लागली, कारण या घरात तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. मी ते ताट झाकून ठेवलं. सकाळी उघडलं तर भाकरी होती तशीच होती.