चौदा नंबरची सर्दी

मानवजातीच्या इतिहासात जन्माला येण्याआधीच नोकरीला लागलेला मी बहुधा एकमेव माणूस आहे. एकूण अकरा दिवस काम केलं आणि ते सगळे आडवं पडून काढले. नोकरी सरकारी होती, हे वेगळं सांगायला नको.

आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. त्या काळी परगावी फोन लावायचा तर आधी एक्सचेंजला सांगावं लागे. मग कुणीतरी बाई बोर्डावरच्या एका भोकातली दोरी काढून दुसऱ्यात खुपसे आणि तुमचा मेहुणा तुम्हाला ऐकू येई. तीन मिनिटं झाली की तीच बाई मध्ये येऊन विचारी, "झालं का बोलणं?" पुष्कळांचे संसार त्या प्रश्नाने वाचले असतील.

उंच खुर्च्यांवर अशा वीस बायका ओळीने बसत. फोनवर नाव सांगायची मुभा नव्हती, नंबर सांगायचा. आई चौदा. तिच्या डावीकडे तेरा, उजवीकडे पंधरा. या दोघी पुढे जन्मभर आमच्या घरी येत राहिल्या आणि मी त्यांना तेरामावशी आणि पंधरामावशीच म्हणत आलो. तेरामावशीचं खरं नाव मी पहिल्यांदा तिच्या नातीच्या लग्नपत्रिकेत वाचलं, तेव्हा कुणी परक्या बाई बोलावताहेत असं वाटून जवळजवळ गेलोच नव्हतो.

हॉलच्या टोकाला काचेची केबिन होती आणि तिच्यात मोठ्या बाई. त्या सगळ्यांच्या वरिष्ठ. कानाला यंत्र लावून त्या कुठल्याही क्षणी कुणाच्याही लाइनवर ऐकत असत. उंचीने मात्र एवढ्याशा. खुर्चीवर बसल्या की पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून खाली एक लाकडी स्टूल ठेवलेलं. त्याच्यावरही पांढऱ्या रंगात नंबर होता. तिथे बिननंबरी कुणाला राहताच येत नसे.

सातव्या महिन्यात आईचे पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा एकदा मोजला आणि म्हणाल्या, "आजपासून खुर्ची बंद. डाव्या कुशीवर पडून राहायचं, पाय उंच. नाहीतर दोघांनाही धोका आहे."

दोघांतला दुसरा मी.

आता, बाळंतपणाची भरपगारी रजा हवी तर आधीच्या बारा महिन्यांत एकशे साठ दिवस हजेरी लागे. आईची भरली होती एकशे एकोणपन्नास. बाबांचा छापखाना त्याच वर्षी बंद पडलेला, ते घरी स्वयंपाक शिकत होते आणि प्रगती समाधानकारक नव्हती. घरात पगार तेवढा आईचा. ती सुजलेल्या पायांनी रजेच्या कारकुनापुढे जाऊन उभी राहिली.

"आजारपणाची रजा हवी होती."

"गरोदर असणं हा आजार नाही, बाई."

"मग बाळंतपणाची द्या."

"तिला अकरा दिवस कमी पडताहेत."

"आणि हे अकरा दिवस मी घरी राहिले तर?"

"तर रजा नाही आणि नोकरीही नाही. तुम्ही कुठे कायम आहात?" कारकून तसा दुष्ट नव्हता. आईचे पाय बघून तो म्हणाला, "उभ्या का? बसा ना."

"बसायलाच बंदी आहे," आई म्हणाली.

तोडगा तेरामावशीने काढला. नियमांचं पुस्तक तिने डबा खाताखाता वाचून काढलं.

"हजर म्हणजे कार्यालयात हजर. बसून हजर असं कुठेच लिहिलेलं नाही."

"आणि तिचे फोन कोण घेणार? तुझा मेहुणा?" पंधरामावशी म्हणाली.

"आपण दोघी. तिच्या आवाजात."

हॉलच्या मागे डबे खाण्याची खोली होती, तिथे एक लांब बाक होतं. दुसऱ्या दिवसापासून आई सही करी, बाकावर डाव्या कुशीवर पडे आणि टेलिफोन डिरेक्टऱ्यांच्या थप्पीवर पाय ठेवी. पलीकडे चौदा नंबरचा दिवा लागला की जिचा हात मोकळा असेल ती मावशी दोरी खुपसून नाक दाबून म्हणे, "चौदा, बोला."

आईचा आवाज मऊ आणि किंचित नाकातला, बाळाला थोपटावं तसा. तेरामावशीचा पत्र्यावर खडी ओतावी तसा. आणि पंधरामावशी इतकी भरभर बोले, की समोरच्याला आपणच काहीतरी विसरलोय असं वाटे.

पाचव्या दिवशी तक्रार आली. लाकडाचे एक व्यापारी रोज सकाळी चौदाकडूनच फोन लावून घेत. त्यांनी लिहिलं होतं, 'सोमवारी चौदा नंबर बाई गेंगाणं बोलल्या. मंगळवारी खेकसल्या. बुधवारी गेंगाण्या आवाजात खेकसल्या. खुलासा व्हावा.'

मोठ्या बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि त्या केबिनमधून बाहेर आल्या. वीस बायकांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. बाई सरळ डब्यांच्या खोलीत गेल्या. आई उठायला लागली.

"पडून राहा."

त्यांनी आईच्या पायांखालच्या डिरेक्टऱ्या एकेक करून काढल्या. "या लोकांची नावं आहेत. त्यांच्यावर पाय ठेवत नाहीत." आणि थप्पी उचलून निघून गेल्या. आई सांगे, त्या दोन मिनिटांत तिने बाबांना शिकवायच्या भाज्या मनातल्या मनात ठरवून टाकल्या, कारण आता उपाशीच राहायचं तर निदान नीट शिजलेलं असावं.

मग बाई परत आल्या. हातात स्टूल होतं. ते त्यांनी आईच्या पायांखाली सरकवलं, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली आणि केबिनमध्ये परत गेल्या.

तक्रारीच्या उत्तराची नक्कल शिरस्त्याप्रमाणे फळ्यावर लागली. 'चौदा क्रमांकाच्या ऑपरेटरला सर्दी झाली आहे. ही सर्दी आणखी सात दिवस राहील.'

तेरामावशीने बोटांवर मोजलं. मग पंधरामावशीने मोजलं. अकरातून गेले चार. दोघींनी काचेकडे बघितलं. मोठ्या बाई यंत्र कानाला लावून ताठ बसल्या होत्या आणि टेबलाखाली त्यांचे पाय शाळेतल्या मुलीसारखे लोंबकळत होते. पुढचे सात दिवस तसेच लोंबकळले. बघितलं सगळ्यांनी, बोललं कुणी नाही.

अकराव्या दिवशी आई सही करून निघाली तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "स्टूल घेऊन जा. घरीही लागेल. रजेवरून आलात की परत करा."

आई रजेवरून आली तोवर बाईंची बदली झाली होती. आईने स्टूल मुख्य कचेरीत नेलं, तर तिथे म्हणाले, ते हरवल्याची नोंदच नाही, तेव्हा सापडल्याची कशी करणार? ते आमच्याकडेच राहिलं. त्याच्यावर उभा राहून मी दात घासायला शिकलो, त्याच्यावर बसून पाढे. पुढे सरकारी कचेऱ्यांची टिंगल करणारे लेख लिहिले, तेही चाळीस वर्षं त्याच सरकारी स्टुलावर पाय ठेवून. पांढरा नंबर आता माझ्या टाचांखाली पुसट झाला आहे.

आई जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात पंधरामावशीने, तेवढ्याच वेगाने, फोनवर सांगितलं, की मोठ्या बाई आहेत अजून, नव्वदीच्या पुढे, भाचीकडे असतात. मी गेलो. जाताना मनात भाषण तयार केलं होतं.

बाई उंच पाठीच्या खुर्चीत बसल्या होत्या, कानाला यंत्र. मी सांगितलं, की मी चौदा नंबरचा मुलगा. आई पुढे कायम झाली आणि बत्तीस वर्षं त्या बोर्डावर बसली, हे सांगितलं. तुम्ही ते सात दिवस दिले नसते तर आमचं घर उभं राहिलं नसतं आणि कदाचित मीही नसतो, असंही म्हणालो. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, जशा लाइनवर ऐकत असतील.

"झालं का बोलणं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"स्टूल आणलंय?"

"नाही. घरी आहे."

"पुढच्या खेपेला तेवढं आणा," त्या म्हणाल्या. खाली त्यांचे पाय लोंबकळत होते. "भाचीकडच्याही खुर्च्या उंचच आहेत."