पिसाची साक्ष

“पोरगा चर्चला देतेस खरी, पण उद्या तुझ्या घरातली मेलेली माणसंसुद्धा त्याच्या हुकमात जातील,” गिगोन सुईण म्हणाली होती. पेर्नेतने हसून सोडून दिलं. तिचा बारा वर्षांचा आमेदे शाळेसाठी खेचरावर बसत होता. अशा वेळी म्हातारीचं अभद्र कोण ऐकतं?

आमेदे शिकला, फादर झाला, चाळिशीच्या आत बिशप झाला. आल्प्समधल्या सॅव्हॉयच्या डोंगरात गावोगावची चर्चं तपासत तो आपल्या गावी आला आणि पहिल्याच दिवशी त्याने टेकडीवरच्या चॅपेलला कुलूप घातलं. मेलेलीच जन्मलेली बाळं तिथे नेत. मेणबत्त्यांमध्ये ठेवून ओठांवर पीस ठेवत. पीस हललं की बाळ क्षणभर जगलं म्हणायचं; घाईने बाप्तिस्मा, मग चर्चच्या पागोळ्यांखाली पवित्र मातीत जागा. नाही हललं तर भिंतीबाहेर.

“पीस मेणबत्तीच्या धगीनेही हलतं,” बिशप म्हणाला. “आयांनी शपथेवर साक्ष द्यावी. नाहीतर बाळ बाहेर.”

पेर्नेतची पहिली मुलगी, क्लोदा, चाळीस वर्षं त्या पागोळ्यांखाली होती.

“हो म्हणून मोकळी हो,” गिगोन कुजबुजली. “खोट्या शपथेला नरक, आणि नरकात म्हणे दातओठ खातात. मला तर दातच नाहीत, मी खुशाल हो म्हणेन!”

पेर्नेतला हसू आलं नाही. बार्लीचं कढण फुंकायला ओठ पुढे केले, की अजूनही तिच्या ओठांपुढे ते इवलंसं गार तोंड यायचं.

बायकांच्या रांगेत ती पहिली होती. बिशपने बायबल पुढे केलं.

“आई, पीस हललं?”

“हललं, स्वामी.”

“आपोआप?”

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

“मी फुंकलं, आमेदे.”

त्याची लेखणी थांबली. “आई गं, कशाला सांगितलंस?” तो अगदी हळू म्हणाला.

पण तिचा शब्द साऱ्या चर्चने ऐकला होता. संध्याकाळी क्लोदाची हाडं त्याने स्वतःच्या हातांनी भिंतीबाहेर पुरली.

रांगेतल्या मागच्या बायकांना त्याने एकच प्रश्न विचारला होता, “पीस हललं?” दुसरा नाही. सगळ्यांची बाळं जागच्या जागी राहिली.

बाहेर एकटी क्लोदा. पेर्नेत होती तोवर रोज जाऊन बसायची. आता तीही नाही. तिकडे कधी गेलात, तर उत्तरेच्या भिंतीपलीकडे जरा डोकावा. पोर उघडी तर पडली नाही ना, एवढं बघा.