बिनचिठ्ठीची बशी

माणसाचं नशीब कपाळावर नव्हे, पेशीत लिहिलेलं असतं, असं प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई प्रत्येक पाहुण्याला सांगत. सांगताना त्यांचा चष्मा कपाळावर असे आणि त्या तो टेबलावर चाचपत असत.

त्यांच्या हाताखालची तंत्रज्ञ बशांमध्ये मानवी पेशी वाढवी. गर्भ नुकता रुजतो तेव्हा असतात तशा. निम्म्या बशांत ती अल्कोहोल मिसळी आणि जनुकांकडे बघत बसे. अल्कोहोल लागलं की बोलायची ती मिठाची गुळणी धरत, गप्प बसायची ती तोंड सोडत. हे सगळं ती दूध तापवावं इतक्या शांतपणे करी.

मग तिला दिवस गेल्याचं कळलं, आणि पाठोपाठ आठवली एका सहकाऱ्याच्या निरोपाची पार्टी. तिथे तिने वाइन घेतली होती. आग्रहाला मान म्हणून दुसरा ग्लासही. तेव्हा पोटात कोणी ऐकतंय याचा तिला पत्ताच नव्हता.

नवऱ्याला ती बोलली नाही. डॉक्टरांनी दारूबद्दल विचारलं तेव्हा "छे, कधीच नाही," म्हणाली. घाबरलेली माणसं देव आठवतात. हिने बशी घेतली. एका संध्याकाळपुरतं अल्कोहोल, पुढे पेशींना स्वच्छ खाद्य. रोज सकाळी ती बशीची तब्येत विचारू लागली.

"ही कोणाची?" एके दिवशी बाईंनी उबवणीची पेटी उघडून विचारलं. "वर चिठ्ठी नाही."

"माझी."

"कुठल्या प्रयोगातली?"

"पार्टीतल्या. दोन ग्लास, बाई. मला तेव्हा माहीत नव्हतं."

बाईंनी बशीकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे. दार लावून घेतलं.

"काय म्हणते बशी?"

"बोलायची काही जनुकं अजून गप्पच आहेत."

"अगं, बशीला ना आई, ना गर्भाला पोसणारी वार. तिच्यावरून एका बाळाचं भविष्य सांगायचं, तर बाहेर ज्योतिषाची पाटी लावू."

"म्हणजे काही होणार नाही ना?"

"तेही मी म्हणत नाही." बाईंना खोटा धीर देता येत नसे, त्यामुळे नातेवाईक त्यांना आजाऱ्याला भेटायला नेत नसत. "आज कोणालाच सांगता येणार नाही. यापुढे थेंब नको. आणि डॉक्टरांना खरं सांग, म्हणजे ते डोळ्यांत तेल घालून बघतील."

"ओरडतील."

"ओरडू देत. मी येते बरोबर. लाव फोन."

तिने लावला. पलीकडे रिंग वाजू लागली. तिने पोटावर हात ठेवला.

बाई टेबल चाचपत होत्या. "आणि तेवढा माझा चष्मा बघ गं कुठे दिसतो का."