वेगळ्या टबातला मासा

"नवा मासा आणलास की आधी पिशवी तशीच पाण्यावर तरंगू दे. मग वेगळ्या टबात ठेव. महिनाभर नीट बघ, अंगावर काही उठतंय का ते. मोठ्या टँकमध्ये सोडायची घाई नको, उज्वला."

दवाखान्यातल्या खाटेवरूनही हे मला हेच सांगत होते. स्वतःच्या छातीचं काही नाही, काळजी दोन गोल्डफिशची. थंड पाण्यातले मासे, हीटर लागत नाही, पण जीव नाजूक. ते दोघं आमची लेक तेजल बालवाडीत होती तेव्हापासून आमच्याकडे. हे ड्युटीवरून आले की काचेला नाक लावून उभे राहायचे, आणि मासेही तिकडूनच जवळ यायचे. हे गेल्यावर तसं कुणासाठी आले नाहीत. माझ्यासाठीसुद्धा नाही.

ह्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला घर भरलं होतं. भंतेजी आसनावर बसले होते, आणि माझे दीर जीवनभाऊजी दारातूनच ओरडत आले, "जय भीम, जय भीम! वहिनी, हे बघा, दादाच्या आठवणीत!" हातात पाण्याची पिशवी, आत एक शेंदरी मासा.

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, बादलीत ठेवू या. ह्याला थोडे दिवस वेगळं ठेवावं लागतं."

"वेगळं?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. "ऐका मंडळी! वहिनी म्हणतात, नवा आलेला बाटवेल. वेगळं पाणी, वेगळं भांडं! अहो, आपल्या घरात कुणाला वेगळं बसवतात का? आपल्या आज्यांनी भोगलं तेवढं पुरे नाही झालं?"

माणसं हसली. म्हातारी नवसाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं. मी हात जोडून, डोळे मिटून बसले. पंचशील चालू असताना मागे टँकमध्ये डुबुक असा आवाज आला. शील घेताना मधून उठत नाहीत. मी उठले नाही.

आठवडाभरात जुन्या दोघांच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे दाणे उठले. ते दगडांना अंग घासायला लागले. मी मीठ घातलं, औषध घातलं, पाणी बदललं. आधी एक उलटा झाला, मग दुसरा. नव्यालाही दाणे होते, पण तो तगला. त्याला मी टबात काढलं.

भाऊजी माझ्या जावेला, सविताला घेऊन नव्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाचं सांगायला आले, तेव्हा रिकामा टँक त्यांना दिसला.

"गेले?" ते म्हणाले. "कमाल आहे वहिनी. दादाच्या छातीत कळ आली तेव्हा तुम्ही वंदना करत बसला होतात. मासे काय वाचवणार तुम्ही!"

"अहो, काय बोलताय?" सविता म्हणाली.

"खरं तेच बोलतोय."

ते खरं नव्हतं. वंदना संपेपर्यंत ह्यांनी दुखतंय असं मला सांगितलंच नव्हतं, आणि हे त्यांनी स्वतः ह्याच धाकट्या भावाला दवाखान्यात सांगितलं होतं. तेव्हा मी तिथे दारातच उभी होते. भाऊजींना सगळं माहीत आहे. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

सविताला वाईट वाटलं असावं. विषय बदलायला ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे हॉलमध्ये मोठा टँक बसवलाय. यांचा जीव आहे त्यात. ओरांडा आणलेत, डोक्यावर गोंडेवाले. दादांच्या घरातला एक मासा द्या ना, आशीर्वाद म्हणून."

"देईन," मी म्हटलं. "गृहप्रवेशाला घेऊन येते."

"चांगला आहे ना पण?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्हीच आणलेला आहे, भाऊजी."

ते खूश झाले.

त्या दिवसापासून मी टबात औषध घातलं नाही. थंडीत हा रोग मरत नाही, रेंगाळतो. सकाळी दिवा लावायच्या आधी मी टबाशी बसायचे आणि शेपटीवरचे दाणे आहेत ना, एवढं बघायचे. मासा माझ्या बोटाकडे यायला लागला होता. मी बोट काढून घ्यायचे.

काल तेजलनं टबात डोकावून पाहिलं. "आई, याच्या शेपटीवर अजून आहे. काकांना सांगितलंस ना वेगळा ठेवायला?"

"एकदा सांगितलं होतं. हसले होते."

"आई, त्यांचे सगळे मासे मरतील."

"हो."

ती टबापासून मागे सरली. मग म्हणाली, "त्या ओरांडांनी काय केलंय?"

"आपल्या दोघांनी काय केलं होतं?"

रात्री ती माझ्याजवळ झोपायला आली नाही.

आज सकाळी पांढरी साडी नेसून मी मूर्तीपुढे बसले. मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. आणि जीवहत्या न करण्याच्या पहिल्या शीलाशी जीभ थांबली. मी मारणार नाही, रोग मारेल, असं मनाला सांगून पाहिलं. पटलं नाही. मारणारी मीच आहे. जे पाळायचं नाही ते हात जोडून म्हणायचं, तर खोटं न बोलण्याचं शीलही मोडतं. म्हणून मी दुसऱ्यापासून सुरुवात केली.

"आई, पहिलं राहिलं," मागून तेजल म्हणाली.

"राहू दे."

माशाला पिशवीत घेतलं. रिक्षात हेलकावे बसतील म्हणून पाणी बेतानं भरलं, वर हवा ठेवली, रबर लावलं. तेजल बाहेर आली नाही. मी दार ओढून घेतलं, पिशवी पदराखाली छातीशी धरली आणि जिना उतरायला लागले.