कुणाला घेऊ नये?

“टक्के कसे काढतात ते घरी जाऊन आईला विचारा,” मॅडम पहिल्या मुलाला म्हणाल्या. मुलगा कानापर्यंत लाल झाला. बाकीचे उमेदवार गालातल्या गालात हसले. गुंतवणूक बँकेच्या भरतीच्या शेवटच्या फेरीत एवढाच काय तो आनंद मिळतो, आणि तो कुणी सोडत नाही.

धाकटी हसली नाही, कारण पुढची पाळी तिची होती. तेवढ्यात शेजारच्या लंबूनं तिच्या कागदावर नजर टाकली आणि आपला कागद हळूच तिच्याकडे तिरका केला. कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘कर्ज वजा कर.’ कंपनीची किंमत काढताना कंपनीच्या डोक्यावरचं कर्ज वजा करायला ती साफ विसरली होती. तिनं घाईघाईनं आकडा खोडून नवा लिहिला. मॅडमनी तो पाहिला आणि काही न बोलता पुढे सरकल्या. तिथे ही शाबासकीच होती.

लंबू तिच्याच कॉलेजातला. त्या कॉलेजाचं नाव ऐकून खाली स्वागतिकेनंसुद्धा “कुठलं म्हणालात?” असं नाक मुरडून विचारलं होतं. या दिवसासाठी वर्षभर दोघं ग्रंथालयात एकमेकांना प्रश्न विचारून पिडत होते. धाकटीनं तर यापायी हाती आलेली शाळेतली नोकरी नाकारली. तेव्हा मावशी सगळ्यांदेखत म्हणाली होती, “अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाई.” बाबा गप्प बसले. कारखाना बंद पडल्यापासून ते स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वागत, आणि ते तिला बघवत नसे.

दुपारी एकेकाला आत बोलावलं. मॅडमच्या शेजारी एक साहेब फोनमध्ये डोकं खुपसून बसले होते.

“जागा एकच उरलीय,” मॅडम म्हणाल्या. “बाहेर बसलेत त्यांच्यातल्या कुणाला घेऊ नये?”

“ते... मी कसं सांगणार?”

“मग या तुम्ही. पुढच्याला पाठवा.”

साहेबांनी मानही वर केली नाही. धाकटी अर्धी उठली. तिला मावशीचा चेहरा दिसला, बाबांचा दिसला. ती पुन्हा बसली आणि तिनं लंबूचं नाव घेतलं.

“का?”

“तो दुसऱ्यांच्या कागदात बघतो. सकाळी माझ्या कागदात बघत होता.”

यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते इतकं नीच होतं. वर्षभराच्या मित्राचा तिनं केसानं गळा कापला होता, आणि तिचा आवाजसुद्धा कापला नव्हता.

मॅडम दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. “दात आहेत म्हणायचे तुम्हाला. बसा बाहेर.”

तिच्यानंतर लंबू आत गेला, लगेच बाहेर आला आणि थेट जिना उतरून गेला. संध्याकाळी धाकटीला सांगण्यात आलं की नोकरी तिची.

लंबू फाटकाशी तिची वाट बघत उभा होता. टाय काढून खिशात कोंबलेला.

“झालं?”

तिनं मान डोलावली. त्याचा चेहरा खरंच खुलला, आणि तिला त्याचाच राग आला.

“मला वाटलंच होतं! माझं काही जमलं नाही बुवा. बाई भलतीच आगाऊ. म्हणे, कुणाला घेऊ नये? म्हटलं, ते तुमचं काम, पगार तुम्ही घेता ना? झालं, दिलं हाकलून.” तो स्वतःच हसला. “तुलाही विचारलं का गं?”

“नाही.”

“बरं झालं. तुला नसतं जमलं.”

त्याची बस आली. चढून त्यानं खिडकीतून हात केला. बस निघून गेल्यावर तिनं घरी फोन लावला.

“झालं गं, आई.”

“अहो, ऐकलंत का!” आई किंचाळलीच. “थांब, आता आधी मावशीलाच कळवते. चांगली जिरू दे तिची.”

“नको. आज कुणालाच सांगू नकोस.”

“का गं? अगं, बोल की!”

धाकटीनं फोन तोंडापासून दूर धरून नाक ओढलं. मागून बाबांचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो पूर्वीसारखा खणखणीत होता.

“रडतेय का ती?”

“आनंदानं हो,” आई म्हणाली.